‘बोअर आहे’च्या पुढचं: इमारतीतला पुस्तक-कट्टा कसा चालवावा

नऊ ते सतरा वयाच्या मुलांना नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल विचारलं की बहुतेकदा दोनातलं एक उत्तर येतं. ‘छान होतं’, नाहीतर ‘बोअर आहे’. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं, पण आपण विचारतोच परीक्षकाच्या सुरात. शाळेत सुट्टीचा गृहपाठ म्हणून ‘पुस्तक परीक्षण’ लिहायचं असतं: लेखकाचं नाव, प्रकाशक, कथासार, तात्पर्य आणि शेजारी स्केचपेनने काढलेलं मुखपृष्ठ. घरी पाहुण्यांसमोर ‘मग काय शिकलास यातून?’ हा प्रश्न ठरलेलाच. मोठ्यांना हवं ते बोललं की सुटका होते, हे मुलं लवकर ओळखतात.

मुलांच्या आणि कुमारवयीनांच्या पुस्तकांवर मुलांनीच मोकळेपणी बोलावं, आवडलं-नावडलं भांडून सांगावं, अशी महिन्यातून एक बैठक आपल्या इमारतीत किंवा चाळीत सुरू करायची असेल तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते. शिक्षक असण्याची गरज नाही. भरपूर वाचणारा आणि गप्प बसू शकणारा एक मोठा माणूस पुरतो. गप्प बसणारा मिळवणं जास्त अवघड, हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं काम: गट आणि वेळ

सहा ते दहा मुलं हा बरा आकडा. बारापेक्षा जास्त झाली की दोघं-तिघं बोलतात, बाकीची चटईचे धागे काढत बसतात. गट मात्र दोन करा: साधारण नऊ ते बारा, आणि तेरा ते सतरा. इंग्रजी प्रकाशक ‘मिडल ग्रेड’ आणि ‘यंग अ‍ॅडल्ट’ असे जे दोन कप्पे करतात ते थोड्याफार फरकाने याच वयांचे. लहान गटाच्या पुस्तकांत मित्र, शोध, कोडी, घर, शाळेतली दादागिरी असते आणि शेवटी गोष्ट बहुधा सुखरूप घरी पोचते. मोठ्या गटात ‘मी नक्की कोण’ हा प्रश्न येतो. प्रेम, राग, मृत्यू, आईबाबांचं न पटणं येतं, आणि शेवट गोड असेलच असं नाही.

ही सीमा कुठे ओलांडली जाते ते मुलांना दाखवायचं असेल तर हॅरी पॉटर सोयीचा आहे. पहिल्या पुस्तकात नायक अकरा वर्षांचा होतो, सातव्यात सतराचा. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आलेली ही सात पुस्तकं जशी पुढे जातात तशी जाडीही वाढते आणि अंधारही. ‘कितव्या पुस्तकापासून ही लहान मुलांची गोष्ट राहिली नाही?’ एवढा एक प्रश्न टाका. तासभर पुरेल, आणि दोन मुलांचं एकमत होणार नाही.

बारा-तेराच्या उंबरठ्यावरची मुलं कुठल्या गटात बसवायची यावर पालक फार वेळ घालवतात. मुलालाच विचारा. मोठ्या गटाचं या महिन्याचं पुस्तक घरी द्या. पुरं करून आलं तर तिथे बसेल, नाही तर पुढच्या वर्षी.

वेळ ठरवताना मुंबईचं वेळापत्रक समोर घ्या. रविवारी सकाळी दहावी-बारावीच्या क्लासच्या टेस्ट असतात आणि उरलेली मुलं मैदानावर. लहान गटाला शनिवारी संध्याकाळी पाचनंतरचा एक तास, मोठ्यांना रविवारी रात्री साडेसात-आठचा, असं केलं तर हजेरी बरी राहते. मार्चमध्ये कट्टा बंद. गणपतीत सोसायटीचा हॉल मंडळाकडे असतो, तेव्हा तारीख मागेपुढे करा. मे महिन्यात निम्मी मुलं गावी जातात, म्हणून एप्रिलअखेर प्रत्येकाच्या हातात एक जाडं पुस्तक द्यावं आणि बैठक थेट जूनमध्ये घ्यावी. सगळी मुलं चालत येतील इतक्याच अंतरातली असू द्या. जुलैच्या पावसात रिक्षा करून पुस्तकावर बोलायला कोणी येत नाही.

हॉलसाठी सेक्रेटरींना साधं अर्धं पान लिहून द्या: महिन्यातले दोन दिवस, एक तास, माईक नाही, खाणं नाही, सोसायटीकडून वर्गणी नाही. या तीन ‘नाहीं’मुळे परवानगी लवकर मिळते. हॉल नसेल तर कोणाच्या तरी घरची बाहेरची खोली चालते, थंडीत गच्ची. मुलांना गोलात बसवा आणि तुम्ही त्याच गोलात बसा, भिंतीला पाठ लावून समोर नको.

आईबाबा खोलीत नकोत. पहिल्या दिवशीच सांगून टाका. आई कोपऱ्यात बसली की मूल तिच्याकडे बघून वाक्य जुळवतं.

पुस्तकं कुठून आणायची

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं असेल तर प्रतींचा प्रश्न येतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन बैठकींत प्रत्येकाने स्वतःच्या आवडीचं कुठलंही पुस्तक घेऊन यावं. इंग्रजी, मराठी, चित्रकथा, फुटबॉलपटूचं चरित्र, काहीही. ‘हे काय पुस्तक आहे?’ असं मोठ्यांपैकी एकानेही म्हटलं की खेळ संपला. चित्रकादंबऱ्या आणि डायरीच्या थाटातली विनोदी पुस्तकं यांना नाक मुरडायची आपल्याकडे फार सवय आहे. माझ्या मते एका चौकटीतून दुसरीत जाताना मधलं न सांगितलेलं भरून काढणं हे पुरतं वाचनच आहे.

एकत्र पुस्तक वाचायला लागलात की भिशी काढा. दहा मुलांचे प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे १,००० रुपये. पुस्तकाची किंमत दोनशेच्या आसपास असेल तर पाच प्रती येतात. एक प्रत दोघांत, पहिले पंधरा दिवस एकाकडे, नंतरचे दुसऱ्याकडे. बैठक संपली की पाच चिठ्ठ्या उचलायच्या. ज्यांची नावं निघतील त्यांच्या घरी प्रती कायमच्या जातात, आणि पुढच्या वेळी चिठ्ठ्या उरलेल्यांच्या. सहा-आठ महिन्यांत प्रत्येकाच्या कपाटात तीन-चार पुस्तकं जमतात. शंभर रुपये जड जाणाऱ्या घरांचा वाटा गाजावाजा न करता तुम्हीच भरा.

नवी मराठी पुस्तकं चाळून घ्यायची तर दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीतलं आयडियल. मुलांना सोबत न्या आणि निवड त्यांना करू द्या. इंग्रजी कुमार कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर मिळतात. तिथे भाव करणं हाही मुलांना आवडणारा भाग. १८९८ साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शहरभर शाखा आहेत, आपल्या जवळची शोधा. पार्ल्याच्या लोकांना लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहेच. पैसे अजिबात घालायचे नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक: १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. सत्तरच्या दशकातला एक अंक आणि आजचा एक अंक असे शेजारी ठेवून ‘तेव्हाच्या मुलांना काय वाचायला देत होते?’ यावर लहान गटाची अख्खी बैठक होते.

निवडीचा निकष काय? अमेरिकेतल्या प्राध्यापक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलं की मुलांना पुस्तकं आरशासारखीही हवीत आणि खिडकीसारखीही. आरशात स्वतःचं जगणं दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं. मुंबईतल्या मराठी मुलांची गंमत अशी की त्यांच्या वाट्याला दोन्हीकडून खिडक्याच जास्त येतात. मराठी पुस्तकात कोकणातलं नाहीतर देशावरचं गाव, इंग्रजीत अमेरिकेतलं उपनगर आणि पिवळी स्कूलबस. विरार लोकलने कॉलेजला जाणारी मुलगी, रीडेव्हलपमेंटमुळे तीन वर्षं भाड्याच्या घरात राहणारं कुटुंब, आठवड्याचे सहाही दिवस क्लास, हे फार थोड्या पुस्तकांत सापडतं. म्हणून वर्षाची यादी करताना किमान दोन आरसे मुद्दाम शोधा. मुलांनाही शोधायला लावा, आणि सापडलं नाही तर तेही कट्ट्यावर बोलू द्या. ‘आमच्यावर कोणी लिहीत नाही’ हेही मतच आहे.

दर महिन्याचं पुस्तक एका मुलाने निवडायचं, पाळीपाळीने. तुमच्याकडे नकाराधिकार ठेवा, पण तो वापरण्याआधी पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं पाहिजे.

भाषेचं काय?

कट्ट्यावर निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची असणार. घरी मराठी बोलतात, पण मराठी पान वाचताना अडखळतात आणि त्याची त्यांना लाज वाटते. आपण मराठी जगवायला बसलो आहोत असा आव आणला की ही मुलं पुढच्या महिन्यापासून येत नाहीत. वाचन कुठल्याही भाषेत, बोलणंही जमेल तसं मिसळून. मराठी पुस्तक निवडलं असेल तर पहिलं प्रकरण बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, निदान वीस मिनिटं. नावं, नाती, बोलण्याची ढब एकदा कानावर पडली की पुढचं पान त्यांना जड जात नाही. अनुवादही वापरा. हॅरी पॉटर मराठीत आहे. दोघांनी इंग्रजीतून आणि दोघांनी मराठीतून तेच प्रकरण वाचलं की कुठला विनोद कुठे टिकला यावर जोरदार वाद होतो.

बोलतं करणं

कट्ट्याचा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

इंग्लंडमधले लेखक आणि पूर्वी शिक्षक असलेले एडन चेंबर्स यांनी १९९३ च्या ‘टेल मी’ या पुस्तकात मुलांशी पुस्तकावर बोलण्याची एक पद्धत मांडली आहे. मी पाहिलेल्या सगळ्या पद्धतींत ही सर्वांत साधी आणि चालणारी. त्यांचे मूळ प्रश्न चार: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकणारं वाटलं, आणि कुठे काही पुन्हा पुन्हा येताना दिसलं, एखादी जुळणी दिसली. भिंतीवर चार्टपेपर लावा, चार रकाने आखा आणि मुलं बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहीत जा, शेजारी नाव घालून. व्याकरण सुधारू नका. वीस मिनिटांत पान भरतं. मग मागे सरकून सगळ्यांनी पान बघायचं आणि एकाहून अधिक नावं कशाला चिकटलीत ते शोधायचं. खरी चर्चा तिथून सुरू होते.

या चौघांत तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. ‘मला हे कळलं नाही’ हे दहा जणांसमोर म्हणायला शाळेत सोय नसते. इथे एकाचं कोडं दुसरा सोडवतो, तिसरा खोडून काढतो, आणि तुमच्याकडे उत्तर असलं तरी ते पोटात ठेवायचं. काहींची उत्तरं पुस्तकात नसतातच, हेही मुलांना त्यांचं त्यांना सापडू द्या.

चेंबर्स यांची दुसरी सूचना: ‘का?’ विचारू नका. ‘का आवडलं नाही?’ म्हटलं की मूल आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं आणि ‘असंच’ म्हणून सुटतं. त्याऐवजी ‘जरा सांग ना त्याबद्दल’. मराठीत हे फार सहज बसतं, आजी असंच विचारते. माझी भर एवढीच की जागेवर बोट ठेवायला सांगा: ‘कुठल्या पानावर कंटाळा आला?’ पान उघडलं की ‘बोअर’चं पोट फाडता येतं. वर्णन लांबलं होतं? माणसं फार होती, नावं लक्षात राहिली नाहीत? की पुढे काय होणार ते आधीच कळलं? ही तीनही टीका वेगवेगळी आहे आणि मूल ती स्वतः वेगळी करू शकतं.

दोन उदाहरणं देते, म्हणजे अंदाज येईल.

लहान गटात ‘श्यामची आई’मधली पोहण्याची गोष्ट घ्या. पोहायला जायचं टाळायला श्याम घरात लपतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आपल्या पिढीने ही गोष्ट आईच्या थोरवीची म्हणून ऐकली. आजची दहा वर्षांची मुलं ताडकन म्हणतात, ‘पण मारलं का?’ इथे मोठ्यांची जीभ वळवळते: तो काळ वेगळा होता, त्यामागचं प्रेम बघ, वगैरे. थांबा. कोणीतरी मूल स्वतःच म्हणेल की नंतर श्यामला भीती उरली नाही. दुसरं म्हणेल, मग प्रेमाने नसतं का शिकवता आलं? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं, ही माहिती या वादाच्या शेवटाकडे द्या, सुरुवातीला नको. आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, कोठडीत बसलेला माणूस आईबद्दल लिहितोय हे कळल्यावर काही मुलं मत बदलतात, काही बदलत नाहीत. दोन्ही चालेल.

मोठ्या गटात मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, आणि वर्गातली शिरोडकर. मुलगे या पुस्तकात लगेच रमतात. मग एखादी मुलगी विचारते, ‘शिरोडकरला काय वाटतं ते आपल्याला कुठे कळतं?’ गोष्ट पूर्ण मुकुंदच्या तोंडून येते, आपण तिला त्याच्या नजरेतूनच बघतो. सांगणारा कोण आहे यावर चर्चा गेली की पंधरा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा धारदार बोलतात. याच्या जोडीला आर. जे. पलासिओ यांची ‘वंडर’ ही २०१२ ची कादंबरी घेता येते. ती लहान गटाची म्हणून लिहिलेली असली तरी तिच्यात एकच गोष्ट नायक, त्याची बहीण, मित्र असे अनेकजण आपापल्या बाजूने सांगतात. दोन्ही पुस्तकं वाचलेली मुलं ‘शाळा’चं एखादं पान शिरोडकरच्या बाजूने लिहून आणायला आपणहून तयार होतात.

बडबड्या मुलांचं काय करायचं? कॅरमच्या सोंगट्या. प्रत्येकाला तीन द्या. एकदा बोललं की एक मधे ठेवायची. तिन्ही संपल्या की बाकीच्यांच्या संपेपर्यंत ऐकायचं. अबोल मुलांना नाव घेऊन बोलावू नका, त्यांच्या हातातल्या सोंगट्याच त्यांना बोलावतात. आणि प्रश्न टाकल्यावर शांतता पसरली तर मनात दहापर्यंत मोजा. साधारण सात-आठवर कोणीतरी बोलतंच.

पुस्तक अर्धवट सोडलेल्यालाही पूर्ण मान. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात पुस्तक पुरं न करण्याचा हक्क आहे. अट एकच: कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं. पाचपैकी तिघांनी त्याच प्रकरणात सोडलं असेल तर ती पुस्तकावरची टीका झाली.

मत लिहायचं कसं

लिहिणं ऐच्छिक ठेवा आणि आकार पोस्टकार्डाएवढा. चारच ओळी: हे पुस्तक कोणाला द्यावं, एक जागा जी लक्षात राहिली, एक गोष्ट जी खटकली, आणि कोणाला देऊ नये. शेवट फोडायचा नाही. शेवटची ओळ मुलांना फार आवडते आणि तीच सर्वांत प्रामाणिक येते. नमुना म्हणून असं एखादं कार्ड दाखवा: ‘फास्टर फेणे. मोबाइल नसताना गुन्हेगार कसे पकडायचे हे बघायचं असेल त्याला द्या. सायकलवरचा पाठलाग मस्त. मालीला अजून काम द्यायला हवं होतं. ज्यांना हळूहळू जाणारी गोष्ट आवडते त्यांना देऊ नका.’ कथासार नाही, तात्पर्य नाही, तरी पुढच्या वाचकाला हवं ते सगळं आहे.

हे कार्ड मुखपृष्ठाच्या आत पाकीट चिकटवून त्यात ठेवा. पुस्तक पुढच्या मुलाकडे जाईल तेव्हा तो आधीच्याचं मत वाचेल आणि स्वतःचं घालेल. काही पुस्तकांत सहा-सात कार्डं जमतात आणि त्यांच्यातच भांडण चालू असतं.

पाचपैकी किती तारे, हे लहान गटात नकोच. सगळी मुलं शेजारच्याचं बघून चार देतात. मोठ्यांना आकडे आवडतात. त्यांच्याकडून बैठकीच्या सुरुवातीला चिठ्ठीवर गुण घ्या, संपताना पुन्हा घ्या. ज्याचे गुण बदलले त्याने कोणाच्या बोलण्यामुळे बदलले ते सांगायचं.

अवघड विषय आणि पालक

कुमारवयीनांच्या पुस्तकांत शरीर, प्रेम, जात, धर्म, आत्महत्या येणारच. पुस्तक ठरलं की पालकांना तीन ओळींचा निरोप पाठवा: पुस्तकाचं नाव, कशाबद्दल आहे, काय काय येतं. एखाद्या पालकाला नको असेल तर तो निर्णय त्यांच्या मुलापुरता. सगळ्यांसाठी पुस्तक बदला असा आग्रह आला तर नम्रपणे नाही म्हणा, आणि त्यांना ते पुस्तक वाचायला द्या. बरेचजण वाचून गप्प होतात.

जुन्या मराठी पुस्तकांत जातीबद्दल, मुलींबद्दल, काळ्या रंगाबद्दल खटकणारी वाक्यं भेटतात. झाकू नका. मुलं बोट ठेवतील तेव्हा त्यांना बोलू द्या.

कधी एखादं मूल पात्राबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलायला लागतं. गोलात त्याला खोदून विचारू नका, बैठक संपल्यावर एकट्याने बोला. स्वतःला इजा करण्याचा विचार किंवा घरात-बाहेर कोणी त्रास देत असल्याचं कळलं तर ते गुपित म्हणून ठेवायचं नाही, आणि तसं कबूलही करायचं नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही क्रमांक चार्टपेपरच्या खाली कायम लिहिलेले असू द्या, म्हणजे कोणासाठी लिहिलेत हा प्रश्न येत नाही.

पुढे

सहाएक महिन्यांनी मोठ्या गटातल्या एकाला लहान गट चालवायला द्या. चौदा वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या मुलांना जे विचारते ते आपल्याला सुचत नाही. तुम्ही चार्टवर लिहिण्याचं काम घ्या.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला किंवा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, निवडक कार्डं लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावा. पाणीकपातीच्या नोटिशीपेक्षा जास्त वाचली जातात. न आवडलेल्या पुस्तकांची कार्डंही लावा. लेखक हयात असेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर मुलांचं पत्र पाठवा, तक्रारीसकट. वाचनालयाला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मुलांच्या सह्यांनी द्या.

आणि एखाद्या शनिवारी धो धो पाऊस, गाड्या बंद, आईबाबा ऑफिसात अडकलेले, आणि दहापैकी दोनच मुलं खाली आली तर बैठक रद्द करू नका. चार्टपेपर गुंडाळून ठेवा, सोंगट्या काढू नका. पुढच्या महिन्याचं पुस्तक उघडा आणि पहिलं प्रकरण आळीपाळीने मोठ्याने वाचा. पुढच्या बैठकीत बाकीच्या आठजणांना सुरुवात सांगायचं काम त्या दोघांकडे द्या.